संकष्टी, सूर्य न मावळणाऱ्या गावात

मी नॉर्वेला जाऊन आले असं सोलापुरात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तितं रात्रीबी ऊन असतंय म्हणं, खरं का?" आणि दुसरा, "मग झोपायचं कधी?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन देऊन मी कंटाळले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. तिसरा प्रश्न मात्र अजून कुणी विचारलेला नाही. सूर्य मावळत नाही, तर तिथं चंद्राचं काय होतं? जाण्याआधी तो मलाही सुचला नव्हता. सुचला असता तर मी त्या तिथीला तिथं पाऊल टाकलं नसतं.

मी इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या शहरात रंगशास्त्र शिकायला गेले ती वडिलांच्या हट्टापायी. आमचा सुताला रंग द्यायचा लहानसा कारखाना होता. मुलगा नव्हता. नातेवाईक म्हणाले, पोरीला कशाला पाठवता एवढ्या लांब? वडील म्हणाले, "रंग काय माणूस बघून चढतोय व्हय?" झालं, विषय संपला.

घरात माझ्याहून थोरली निर्मलाताई. तिला बार्शीला दिलेली. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी ती माहेरी आली तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून असायची. तिला उपास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून मीच गणपतीला बोलले, ताईच्या हाती मूल येईपर्यंत दर संकष्टी मी करीन. आमच्या घरची रीत कडक आहे. दिवसभर दूध आणि पाणी, रात्री चंद्र बघायचा, त्याला अर्घ्य द्यायचं, मगच अन्नाला हात लावायचा. मी निघाले तेव्हा स्टेशनवर ताई म्हणाली, "तितं गेल्यावर इसरशील बघ, विजू."

"इसरते व्हय!" मी म्हणाले, आणि दोघी रडलो.

नवसानं मूल होतं यावर माझा विश्वास होता का? विचाराल तर नव्हता. पण नवस मोडायची छाती होती का? तीही नव्हती. इंग्लंडात ढग आणि धूर यांच्यामुळं चंद्र क्वचितच दिसायचा, पण आईनं आधीच मुभा दिली होती, आभाळ असलं तर वेळ बघून जेवावं. तिथल्या वर्तमानपत्रात चंद्रोदयाची वेळ रोज छापून यायची, त्यामुळं माझं बरं चाललं होतं. एकाहत्तरच्या वसंतात आईचं पत्र आलं. ताईला पुन्हा दिवस गेले होते, आणि या खेपेला डॉक्टर म्हणत होते की सगळं ठीक दिसतंय. परीक्षा संपून आम्ही जूनमध्ये प्रवासाला निघालो तेव्हा तिला सातवा लागला होता.

आम्ही म्हणजे चौघं. इंग्रिड माझ्याच वर्गातली, उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका गावची, उंच आणि मितभाषी. एलेनी ग्रीसची, तिचं बोलणं ऐकताना वाटायचं आता भांडण होणार, पण ते तिचं साधं बोलणं असायचं. आणि पीटर, तिथल्याच एका गिरणी कामगाराचा मुलगा. त्याच्याकडं एक खटारा व्हॅन होती आणि त्याला सतत भूक लागलेली असायची. इंग्रिड सुट्टीला घरी निघाली होती, तिच्याबरोबर आम्हीही लटकलो.

बर्गन

बोटीतून उतरलो तर पाऊस. इंग्रिड म्हणाली, इथं पाऊस नसला तर लोक काळजी करतात. बंदराला लागून लाकडी घरांची रांग, लाल, पिवळी, पांढरी, एकमेकींना खेटून उभी. मी रंगाऱ्याची पोर, मला त्या भिंतींपुढून हलवेना. तो गेरूसारखा लाल कशापासून करतात हे मी तीन दुकानदारांना विचारलं आणि तिघांनीही मला रंगाचा डबा विकायचा प्रयत्न केला.

मी शाकाहारी, आणि त्या देशात मासा नाही असं जेवण मिळवणं म्हणजे आमच्याकडं मे महिन्यात टाकीला पाणी मिळवण्यासारखं. बटाटे मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात तपकिरी वड्या दिसल्या म्हणून मी चॉकलेट समजून एक अख्खी तोंडात टाकली, तर ते चीज निघालं. गोड, खारट, आटवलेल्या दुधाच्या चवीचं. पीटर माझ्या चेहऱ्याकडं बघून हसत सुटला. दुसरी वडी खाल्ल्यावर मात्र ओळख पटली, हा तर कंदी पेढ्याचा चुलतभाऊ! पुढचे सगळे दिवस मी त्यावर काढले.

वर्तुळाच्या पलीकडं

उत्तरेकडं जाताना दर वळणावर मला वाटायचं, आता याच्यापुढं काही नसेल. आणि पुढं असायचंच. एका बाजूला काळा कडा सरळ आभाळात गेलेला, त्याच्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतायत, दुसऱ्या बाजूला समुद्र जमिनीत शिरून आलेला, हिरवा आणि थंडगार. पाणी ही आमच्याकडं हंड्यानं भरायची आणि जपून वापरायची वस्तू. इथं ते डोंगरावरून वाया चाललं होतं आणि कुणी बघतसुद्धा नव्हतं. पहिल्या दिवशी मी "अगं बाई" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी तेही सुचेना. व्हॅनच्या खिडकीला नाक लावून मी गप्प बसून राहिले, आणि एलेनीला वाटलं मला उलटी होणार आहे.

उत्तर ध्रुववृत्त ओलांडलं ते एका उघड्या पठारावर. जून महिना, आणि रस्त्याच्या कडेला बर्फ. मी साडीवर ओव्हरकोट, पायात लोकरीचे मोजे अशा अवतारात उतरले आणि बर्फाला हात लावला. तो कोरडा आणि खरखरीत होता, हे मला अपेक्षित नव्हतं. झाड नाही, घर नाही, पाखरू नाही. एवढ्या मोठ्या जागेत आपण चार माणसं आहोत याची मला भीती वाटली आणि तरी तिथून निघू नये असंही वाटलं. भूगोलाच्या पुस्तकातल्या त्या तुटक रेघेवर मी खरोखर उभी होते. वडिलांना हे कसं सांगावं याचा विचार करत मी उभी राहिले, तर पीटरनं मागून बर्फाचा गोळा मारला.

इंग्रिडचं घर

गाव म्हणजे दहा-बारा घरं, एक चर्च आणि समुद्र. आत शिरताना दोन्ही बाजूंना लाकडी मांडव दिसले आणि त्यांवर ओळीनं काहीतरी वाळत टांगलेलं. क्षणभर मला वाटलं आपण आपल्याच कारखान्याच्या अंगणात आलो, बांबूंवर सुताच्या लडी वाळतायत तसंच सगळं. जवळ गेले तर मासे. वासानं मी पदर नाकाला लावला. इंग्रिड म्हणाली, "आमच्या गावाचा पैसा याच वासातून येतो." मला आमच्या नाल्यातलं रंगाचं पाणी आठवलं आणि मी पदर खाली घेतला.

इंग्रिडचे वडील बोटीवर गेले होते. घरी तिची आई, रुंद हाडाची, लाल गालांची बाई. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं माझी साडी दोन बोटांत धरून सुताचा पोत बघितला, मान डोलावली आणि मला आत नेलं. ओट्यावर टोपलीत काय होतं म्हणता? कडक भाकरी! पापडासारखी पातळ, परातीएवढी गोल, मोडली की कुरकुर आवाज करणारी. सातूच्या पिठाची होती आणि वर्षाची एकदाच करून ठेवतात, एवढाच फरक. माझ्या पिशवीत आईनं पाठवलेली शेंगाची चटणी होती, ती मी काढली. त्या माउलीनं भाकरीवर चटणी घेऊन खाल्ली, पाण्याचा पेला रिकामा केला, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढं केला.

जेवणानंतर इंग्रिड आम्हाला घरामागच्या टेकडीवर घेऊन गेली. मध्यरात्रीचा सूर्य! तो समुद्राच्या काठापर्यंत उतरला, तिथं पोचल्यावर जणू त्याचा विचार बदलला, आणि तो पाण्याला न टेकता कडेकडेनं चालू लागला. सगळं तांबूस सोनेरी झालं, डोंगर, पाणी, पीटरची दाढी. खाली एक बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. त्या वेळेला! मला हुंदका का आला हे मला आजही सांगता येत नाही. एवढं बघायला मिळावं असं आपण काय केलंय, असं काहीतरी मनात आलं. एलेनीनं माझा हात धरला. तीही रडत होती, फक्त मोठ्यानं.

झोप? खिडकीला घोंगडी टांगून झोपायचं. हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

भोवऱ्याकाठी

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. सकाळी मी दूध घेतलं आणि इंग्रिडला सहज म्हणाले, "आजचं वर्तमानपत्र बघून चंद्रोदयाची वेळ सांग ना." तिनं पान उलटलं, बोट फिरवलं आणि थांबली. चंद्रोदयाच्या रकान्यात वेळ नव्हती. नुसती एक आडवी रेघ होती.

"छापायचं राहिलं असेल," मी म्हणाले.

इंग्रिडनं आईला विचारलं. आईनं हातातलं काम न थांबवता जे सांगितलं ते इंग्रिडनं मला हळूच सांगितलं. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या पुढचा चंद्र त्यांच्याकडं उगवतच नाही. उगवला तरी डोंगराच्या वर येत नाही. दिसायला अजून काही दिवस जावे लागतील. "आई म्हणते, हिवाळ्यात ये. तेव्हा तो मावळतच नाही."

मी खुर्चीवर बसले. सूर्य मावळत नाही हे बघायला एवढ्या लांब आले, आणि चंद्राचा विचारही केला नाही! ढग असते तर वेळ बघून जेवले असते. इथं वेळच नव्हती. नाइलाजानं मी तिघांना सगळं सांगितलं, ताईचं, दोनदा गेलेल्या मुलांचं, सातव्या महिन्याचं. इंग्लंडात मी उपासाचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. पोट बरं नाही म्हणायचे.

मग सल्ले सुरू झाले. पीटर म्हणाला, इंग्लंडातली वेळ धर. मी म्हणाले, मी इंग्लंडात आहे का? इंग्रिड म्हणाली, सोलापुरात तर उगवेल, तुझी आई बघेल, तेव्हा तू जेव. पण नवस आईचा नव्हता, माझा होता. एलेनी म्हणाली, "आमच्याकडं ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो. देवाला मन कळतं." मी म्हणाले, "ताईच्या दोन्ही वेळेला देवाला मन कळलं नव्हतं." हे मी जरा जोरात म्हणाले.

"ठीक आहे," पीटर शेवटी म्हणाला आणि त्यानं हातातली पावाची चकती टोपलीत परत ठेवली. "तू जेवशील तेव्हा आम्ही जेवू." मी नको म्हटलं, रागावले, पण तिघांनी ऐकलं नाही. पीटरनं न्याहारी सोडावी म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल.

ठरलेला बेत मोडू नये म्हणून आम्ही निघालो. जवळच एक समुद्राची खिंड आहे, तिथलं पाणी जगात सगळ्यात जोरानं वाहतं असं इंग्रिड म्हणायची. निघताना तिच्या आईनं एक टोपली व्हॅनमध्ये ठेवली आणि माझ्यासाठी दुधाचा थर्मास दिला. मला जवळ घेऊन ती काहीतरी बोलली. इंग्रिडनं त्याचा अर्थ सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी अगदी गुपचूप होतं. दोन डोंगरांमधली अरुंद वाट, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आत शिरलेली खाडी, आणि मधे काचेसारखं सपाट पाणी. पीटर वैतागून म्हणाला, "चंद्र बंद, आता हेही बंद?" उपाशीपोटी तो असाच बोलतो. आम्ही खडकावर बसून राहिलो.

मग पाणी हललं. आधी एक सुरकुती पडली. मग तिच्या शेजारी दुसरी. बघता बघता सगळं पाणी एका दिशेला सरकू लागलं, नदीसारखं, मग कुठल्याही नदीहून वेगानं. आवाज वाढत गेला. पाण्याला उकळी फुटली, खालून गोल फुगे येऊन पसरायला लागले, आणि आमच्या समोर भोवरे उघडले, आमच्या अंगणातल्या विहिरीएवढे रुंद, मधे खोल, गरगर फिरत एकमेकांना गिळणारे. पक्षी वर ओरडत होते. पायाखालचा खडक थरथरतोय असं मला वाटलं. मी मागं सरकायला हवं होतं, पण मी उभी राहिले. इतकं मोठं आणि इतकं आपल्या नादात असलेलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, अजूनही पाहिलेलं नाही.

सोलापूरच्या शाळेत भरती-ओहोटीवर मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. समुद्र मात्र मी इंग्लंडला जाताना विमानाच्या खिडकीतून पहिल्यांदा बघितला. उत्तरपत्रिकेत लिहिलेलं ते वाक्य एकदम माझ्यापुढं गर्जना करत उभं राहिलं.

"इंग्रिड," मी ओरडून विचारलं, कारण साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं, "या पाण्याला आत्ता कोण ओढतंय?"

"चंद्र," ती ओरडली.

"कुठं आहे?"

तिनं हात उचलला आणि डोंगराच्या पायथ्याकडं, जमिनीच्या खाली दाखवला. मग तिच्या लक्षात आलं मी काय विचारते आहे, आणि तिनं हात तसाच ठेवला.

मी कुणाला विचारलं नाही. शास्त्रात हे बसतं का, आई काय म्हणेल, काही नाही. थर्मासच्या झाकणात दूध घेतलं, त्यात पाणी घातलं. कुंकवाच्या डबीत चार अक्षता होत्या, त्या टाकल्या. एलेनीनं खडकाच्या फटीतलं एक पिवळं फूल तोडून दिलं. खडक बुळबुळीत होते, म्हणून पीटरनं माझ्या कोटाचा पट्टा दोन्ही हातांनी मागून धरला. मी अगदी काठाशी गेले, आणि जो दिसत नव्हता पण एवढ्या पाण्याला खेचून नेत होता त्याला अर्घ्य दिलं. भोवऱ्यानं ते घेतलं. हात जोडून मी म्हणाले, "ताईला सांभाळ." मराठीतच म्हणाले, पण मागं तिघंही हात जोडून उभी होती, पीटरसुद्धा, जोडलेल्या हातांत पट्टा धरून.

मग आम्ही टोपली उघडली. त्या परक्या कडक भाकरी, उकडलेले बटाटे, तपकिरी चीज आणि शेंगाची चटणी. पीटर किती जेवला हे मी लिहीत नाही. चटणीनं त्याचे डोळे वाहत होते आणि तरी तो थांबत नव्हता.

परत

तिथं उभी असताना माझी जी छाती झाली होती ती पुढं राहिली नाही. आम्ही चौघं इंग्लंडला परतलो तर आईचं पत्र आलेलं, ताईचे पाय सुजलेत, डॉक्टरांनी अंथरुणावरून हलायचं नाही म्हणून सांगितलंय. मी चंद्र न बघता जेवले होते. प्रयोगशाळेत रंग ढवळताना मला सारखं तेच दिसायचं, ताई आणि भिंत. मी रसायनं शिकत होते आणि मनात म्हणत होते, एवढं पाणी कुणी ओढलं ते माझं मला ठाऊक आहे, पण ते गणपतीला चाललं का? मी घरी याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या संकष्ट्यांना तिघं न सांगता माझ्या खोलीवर यायची आणि चंद्रोदय होईपर्यंत बसायची. पीटर पाव घेऊन यायचा आणि तो मांडीवर ठेवून बसायचा.

पावसाळ्याच्या शेवटी तार आली. मला ती उघडवेना. एलेनीनं उघडली आणि मला वाचून दाखवली. मुलगी. दोघी सुखरूप. एलेनी इतक्या जोरात ओरडली की घरमालकीण जिना चढून वर आली.

शिक्षण संपवून मी सोलापूरला परतले तेव्हा ताई बार्शीहून आलेली, आणि ती मुलगी घरभर पळत होती. माझा नवस फिटला होता, पण आईची संकष्टी तिच्या लग्नापासूनची. त्या महिन्यात आई, ताई आणि मी गच्चीवर चंद्राची वाट बघत बसलो होतो. भाची ताईच्या मांडीवर झोपून गेली होती. मला राहवेना. मी आईला सगळं सांगितलं, ती रेघ, ते पाणी, ते अर्घ्य. सांगता सांगता घाबरले, की आता ती काय म्हणेल. ताई माझ्याकडं बघतच राहिली.

आईनं झोपलेल्या भाचीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "पोरं सगळी उपाशी हुती तुझ्यासंगं?"

"व्हय."

"त्यांची काय ताई लागत नव्हती की गं ही."

"न्हाय."

"काय नावं म्हणलीस?"

मी सांगितली. तिनं ती ओठांतल्या ओठांत दोनदा घोकली. तेवढ्यात समोरच्या घराच्या पत्र्यावरून चंद्र वर आला, मोठा, पिवळा. आई उठली, पदर डोक्यावर घेतला, अर्घ्य सोडलं आणि दर वेळेसारखी घरातल्या एकेकाचं नाव घेत गेली. यांना सुखी ठेव, निर्मलाला ठेव, तिच्या लेकीला औक्ष दे, विजूला ठेव. इथं ती नेहमी थांबते. त्या दिवशी थांबली नाही. इंग्रिडला, एलेनीला आणि पीटरला सुखी ठेव म्हणाली, इंग्रिडच्या आईलाबी म्हणाली. ताई तोंडाला पदर लावून रडत होती. मग आईनं चंद्राकडं नीट बघितलं आणि जरा दटावल्यासारखं म्हणाली, "आन् तितंबी उगवत जा की रे बाबा. लेकरं उपाशी बसत्यात."